विदर्भातल्या घरात गेको : दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोर्शी-वरुड पट्ट्यातल्या एका गावात, संत्र्याच्या बागेला लागून असलेल्या घरात मी सात वर्षांपासून लेपर्ड गेको (पालीच्या जातीचा, ठिपक्यांचा सरपटणारा प्राणी) काचेच्या टँकमध्ये पाळते. सध्या दोन आहेत. सासूबाई अजूनही त्यांना ‘तुह्या पाली’ म्हणतात. अकोला, यवतमाळ, आर्वीकडची पोरं फोन करून जे विचारतात त्यातलं बहुतेक तापमानाचंच असतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

गेकोबद्दलची बाहेरची माहिती ‘ऊब कशी द्यायची’ इथे सुरू होते आणि तिथेच संपते, कारण ती थंड देशात लिहिलेली असते. आपल्याकडे ऊब द्यायचे दिवस दोन-अडीच महिने, ऊन चुकवायचे तीन महिने. बाकीचे दिवस नुसतं लक्ष ठेवायचं. खालची उत्तरं लेपर्ड गेकोची आहेत. दुसऱ्या जातींचं पुढे वेगळं सांगितलं आहे.

आधी आकडे सांगा. किती अंश ठेवायचं?

ऊबदार बाजूला, जिथे त्याचं पोट टेकतं त्या फरशीवर, ३२ ते ३४ अंश. थंड बाजूला २४ ते २६. रात्री सगळीकडेच २० ते २४ पर्यंत उतरलं तर चांगलं, १८ च्या खाली नको. संपूर्ण टँकमधली हवाच ३५ च्या वर जात असेल तर तो धोका आहे, मग बाकी काही वाचत बसू नका, खोली बदला.

दोन बाजूंना दोन तापमानं लागतात. पूर्ण टँक ‘छान २९’ ठेवला तर गेकोला ना पचवायला ऊब मिळते, ना निवायला जागा. किडे खाल्ले की तो ऊबदार फरशीवर पोट टेकून पडतो, कारण त्या उबेशिवाय त्याचं पोट काम करत नाही. झालं की उठून थंड बाजूला जातो. टँक निदान तीन फूट लांब असावा असं मी म्हणते ते यासाठी. दीड फुटाच्या टँकमध्ये ऊबदार टोक आणि थंड टोक वेगळं राहतच नाही.

ताई, घरातली पाल ४५ अंशात मजेत भिंतीवर फिरते. मग याचे एवढे लाड काऊन?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता भिंतीवर पाल शोधून पाहा. दिसणार नाही. ती देवाच्या फोटोमागे, माळ्यावरच्या फाटीत, कवेलूखालच्या सांदीत, रांजणामागच्या ओल्या कोपऱ्यात बसलेली असते. भिंतीवर येते ती दिवेलागणीनंतर. पाल ४५ अंश सोसत नाही, चुकवते.

लेपर्ड गेकोचंही तेच. तो मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि लगतच्या वायव्य भारतातल्या खडकाळ, रुक्ष मुलखातला. तिथला उन्हाळा आपल्यापेक्षा हलका नाही. पण दिवसभर तो दगडाखाली, बिळात असतो आणि संधिप्रकाशात बाहेर पडतो. वर ४५ असताना हातभर खोल बिळात बरंच कमी असतं. आपण त्याला काचेच्या पेटीत ठेवतो तेव्हा त्याचं बीळ काढून घेतो. पाल उठून रांजणामागे जाऊ शकते, तो कुठे जाणार? तापमान सांभाळायचं म्हणजे त्याला जायला जागा ठेवायची. थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणारं यंत्र), कूलर, माठाचं खापर, सगळं त्यापुढचं.

मोबाइलवर बाहेर ४४ दाखवतो. टँकमध्ये किती असेल?

ते घरावर आहे. नागपूरच्या नोंदीत २३ मे २०१३ ला ४७.९ अंश आहेत आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे ३.५. ही झाली बाहेरच्या हवेची, सावलीतली नोंद. घराच्या आतला हिशोब वेगळा.

टिनाच्या छपराखाली दुपारी आतली हवा बाहेरच्या बरोबरीने तापते, छताजवळ तर त्याहून जास्त. तिथे गेको ठेवायचाच नाही. स्लॅबचं घर दुपारी बरं, पण स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्री एक-दोन वाजेपर्यंत खाली ओकत राहते. कवेलूच्या घरात वारा खेळतो आणि संध्याकाळ लवकर निवते, मात्र थंडीत तेच घर पहाटे बाहेरइतकंच गार होतं. सगळ्यात भलं म्हणजे मातीच्या जाड भिंतींचं, धाब्याचं जुनं घर. आमच्या जुन्या घरातल्या कोठीच्या खोलीत मे महिन्यात भर दुपारी ३२-३३ असतं, तेव्हा पुढच्या स्लॅबच्या खोलीत ३९ असतं. मी उन्हाळ्यात टँक सरळ कोठीत हलवते. ज्वारीच्या कोठ्या जाऊन खोली रिकामी पडली होती, तिचा उपयोग झाला.

आणखी एक. टँक टेबलावर ठेवू नका, जमिनीवर ठेवा. गरम हवा वर जाते, आणि शेणानं सारवलेली किंवा साधी शहाबादी जमीन खालून गारवा देते. टेबल आणि जमीन यांत मी स्वतः तीन अंशांचा फरक मोजला आहे. मांजर असेल तर झाकण घट्ट हवं.

थर्मामीटर कोणता घेऊ? काचेला चिकटणारा गोल काट्याचा चालेल का?

नाही. तो काचेचं तापमान सांगतो, तेही अंदाजे. वायरच्या टोकाला प्रोब (तापमान मोजणारा सेन्सर) असलेले दोन डिजिटल थर्मामीटर घ्या : एक प्रोब ऊबदार फरशीवर, एक थंड बाजूच्या लपणीत. किमान-कमाल लक्षात ठेवणारा असेल तर फार बरं. पहाटे चारला काय झालं हे उठल्यावर कळतं.

कोविडच्या वेळी घेतलेली कपाळाची गन बऱ्याच घरात पडलेली असते. ती माणसाच्या अंगासाठी बनवलेली, साधारण ३२ ते ४२ च्या बाहेर गेलं की नुसतं ‘लो’ किंवा ‘हाय’ म्हणते. थंड बाजू मोजायला ती निरुपयोगी. काहींमध्ये वस्तूचं तापमान मोजायचा वेगळा मोड असतो, तो लावून पाहा. आणि गन काचेतून मारली तर काचेचंच तापमान येतं, झाकण काढून मारावी.

नवा थर्मामीटर तपासून घ्या. बर्फ कुटून पेल्यात भरा, थोडं पाणी घाला, प्रोब मधोमध दहा मिनिटं ठेवा. शून्याच्या आसपास यायला हवं. दोन अंशांहून जास्त चुकत असेल तर परत करा. यंत्रावर आंधळा विश्वास नको : ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याला सांगावं लागलं की सेन्सर बिघडला होता. सरकारी यंत्राचं असं होतं, तर आपलं दीडशे रुपयांचं किस झाड की पत्ती.

उन्हाळ्यात हीट मॅट बंद करू का?

हीट मॅट म्हणजे टँकच्या तळाखाली लावायची, विजेवर तापणारी चटई. बंद करा, पण तारीख पाहून करू नका. खोलीतलं दुपारचं तापमान ३२ च्या वर जायला लागलं की दिवसा मॅट लावण्यात अर्थ नाही. आमच्याकडे हे साधारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होतं. एप्रिलमध्ये रात्रीही बंद. मृगाचा पाऊस पडून दोन-चार दिवस गारठा आला तर थर्मोस्टॅट आपोआप चालू करतो. म्हणून मी प्लग काढत नाही, नुसती ३२ ची मर्यादा तशीच ठेवते. थर्मोस्टॅट नसेल तर मात्र प्लगच काढा.

उजेडाचा दिवा उन्हाळ्यात गरम होणारा नको. एलईडी लावा, बारा-तेरा तास पुरे.

दुपारी खोली ३८ झाली. आता, या क्षणी काय करू?

टँक घरातल्या सगळ्यात गार खोलीत जमिनीवर न्या. खिडकीला ओलं गोणपाट बांधा. प्लॅस्टिकच्या बाटलीत गोठवलेलं पाणी फडक्यात गुंडाळून थंड बाजूच्या काचेला बाहेरून टेकवा किंवा जाळीच्या झाकणावर ठेवा, गार हवा खाली उतरते. बाटली टँकच्या आत, गेकोच्या अंगाला लागेल अशी ठेवू नका. गारठलेला गेको गरम बाजूकडे जायचंही विसरतो, सुस्त पडतो.

माझा कायमचा उपाय खापराचा आहे. फुटलेल्या माठाचं मोठं खापर पाण्यात अर्धा तास बुडवून थंड बाजूला लपण म्हणून उपडं ठेवते. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं खापराखालची जागा गार होते : मातीतून पाणी झिरपतं, उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. मे महिन्यात आपल्याकडे दुपारची हवा इतकी कोरडी असते की हे फार जोरात होतं. खापराखाली प्रोब ठेवून पाहा, टँकच्या हवेपेक्षा पाच-सहा अंश कमी दिसतील. दिवसातून दोनदा भिजवावं लागतं. शिवाय कात टाकायला त्याला ओलसर जागा लागतेच, तीही यातच होते. दोन खापरं ठेवायची, एक वापरात आणि एक उन्हात वाळवत, म्हणजे बुरशी धरत नाही.

कूलर लावला तर चालतो का? ओलाव्यानं आजारी पडेल असं ऐकलं.

एप्रिल-मेमध्ये चालतो, आणि विदर्भात दुसरा स्वस्त उपाय नाही. वाळ्याच्या ताट्या नीट भिजत असतील आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं असेल तर ४४ ची हवा ३० च्या आसपास येते. दार बंद करून कूलर लावणारे लोक आहेत. त्यांची खोली तासाभरात दमट भट्टी होते. हवेला बाहेर जायला वाट हवी.

झोत टँकवर नको, खोलीवर हवा. टँकच्या तळाला कागद किंवा फरशी असावी, वाळू किंवा कोकोपीट दमट होऊन बसतं. अशानं टँकमधला ओलावा थोडा वाढतो, पण तीस अंशातला थोडा ओलावा चाळीस अंशातल्या कोरड्यापेक्षा कधीही बरा. बाधतो तो ओलावा आणि गारठा एकत्र आले की, म्हणजे पावसाळ्यात. जुलैत हवाच ओली असते, कूलर दोन-तीन अंशही उतरवत नाही, नुसता दमटपणा वाढवतो. पहिल्या चांगल्या पावसानंतर कूलर बंद, पंखा चालू.

नवतप्यात रात्रीही तापमान ३२ च्या खाली येत नाही. रात्र थंड हवी म्हणता, मग?

हे खरं दुखणं आहे. साधारण २५ मेपासूनचे ते नऊ दिवस दिवसापेक्षा रात्री जास्त छळतात. गेकोला रात्रीची उतरण लागते, कारण दिवसभराच्या तापानंतर शरीराला सावरायला तेवढीच वेळ मिळते. शिवाय त्याचं हिंडणं-फिरणं, खाणं सगळं रात्रीचंच.

२० अंशांचा हट्ट या दिवसांत सोडा. रात्री थंड बाजू २८-२९ वर आली तरी भागतं. त्यासाठी दुपारपेक्षा संध्याकाळी काम करा. ऊन उतरलं की स्लॅबवर पाणी मारा, म्हणजे ती रात्रभर खोलीत उष्णता ओकत नाही. नळाला दोन दिवसांआड पाणी येत असेल तर हे जमणार नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा छतावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या पसरून ठेवा, दुपारचं ऊन स्लॅबला लागणारच नाही. गावात हे फुकट मिळतं. रात्री दहानंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की खिडक्या उघडा, सकाळी आठला घट्ट बंद करा. लोक नेमकं उलटं करतात, दुपारी ‘हवा येऊ दे’ म्हणून उघडतात आणि रात्री डासांसाठी लावून घेतात.

खाणंही रात्री उशिरा द्या, दहा-अकराला, आणि नेहमीपेक्षा कमी. या दिवसांत खाल्लं नाही तर घाबरू नका. आपलंही जेवण कुठे जातं?

लाइन गेली आणि चार तास आली नाही. डीपी जळाली तर दोन दिवस येत नाही.

उन्हाळ्यात : वरचं खापर, गोणपाट, जमिनीवरचा टँक, हे सगळं विजेशिवाय चालतं. म्हणून मी त्यावर एवढा भर देते. फार झालं तर गेकोला भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओलसर फडक्यावर ठेवून डबा न्हाणीच्या जमिनीवर ठेवा, रांजणाजवळ.

हिवाळ्यात : बाटलीत गरम पाणी (हात टेकवता येईल इतपत), फडक्यात गुंडाळून ऊबदार बाजूच्या काचेला बाहेरून लावा, वरून गोधडी. दर तीन तासांनी बदला. एक रात्र १६-१७ वर गेली म्हणून निरोगी मोठा गेको मरत नाही. मात्र त्या रात्री त्याला खायला दिलेलं नसावं.

इन्व्हर्टरवर मॅट किती वेळ चालेल? बिल किती येईल?

१५ वॅटची मॅट रोज १२ तास चालली तर महिन्याला साडेपाच युनिटच्या आत. ६० वॅटचा सिरॅमिक हीटर (उजेड न देता वरून हवा तापवणारा) रोज १० तास, तर १८ युनिट. साधी १५० एएचची बॅटरी चांगल्या स्थितीत असेल तर मॅट रात्रभर सहज ओढते. त्यावर घरातले पंखे, टीव्ही आणि १०० वॅटचा हीटर टाकला की पहाटेआधी बसते.

उष्माघात झाला हे कसं ओळखू?

तोंड उघडं टाकून बसणं, काचेवर सारखे पंजे मारणं, दिवसभर थंड कोपऱ्यात सपाट पडून राहणं, ही पहिली लक्षणं. अंग ढिलं पडलं, हात लावला तरी हलला नाही तर वेळ फार थोडा आहे. २६-२८ अंशाच्या जागी न्या, कोमट पाण्याच्या उथळ ताटलीत पाय-पोट बुडेल इतपत ठेवा, डोकं पाण्याबाहेर. बर्फाचं पाणी नको, फ्रिजमध्ये तर अजिबात नको. तोंडात पाणी ओतू नका. सावरला तरी डॉक्टरांना दाखवा.

पावसाळ्यात काय?

तापमान आपसूक बरं असतं, २४ ते ३१. त्रास ओलाव्याचा. झड लागली की सलग चार दिवस दिवसाही २४-२५ राहतं आणि सगळं ओलं, तेव्हा मॅट दिवसा चालू ठेवा म्हणजे एक तरी कोपरा कोरडा-ऊबदार राहतो. नाकाशी बुडबुडे, शिटीसारखा श्वास दिसला तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नका.

हिवाळ्यात कोणता हीटर घेऊ? कोंबडीच्या पिल्लांना लावतो तसा १०० चा बल्ब लावला तर?

पोल्ट्रीवाल्यांचा हा हमखास प्रश्न. पिल्लांना उजेड चालतो, किंबहुना हवा असतो, आणि ती बल्बपासून लांब पळू शकतात. गेकोला रात्री अंधार लागतो. उघड्या बल्बला तो चिकटला तर भाजतो, कारण पोटाखाली किती तापलंय हे त्याला वेळेवर कळतच नाही. ‘हीट रॉक’ नावाचा तापणारा दगड विकतात, तोही याच कारणासाठी घेऊ नका.

नोव्हेंबर ते जानेवारी बहुतेक घरात हीट मॅट पुरते : टँकच्या तळाचा एक तृतीयांश ते अर्धा भाग झाकेल एवढी, काचेच्या खालून, वर पातळ फरशी. मात्र मॅट हवा तापवत नाही. कवेलूच्या घरात पहाटे खोली १२-१३ वर येत असेल तर हवेसाठी वरून सिरॅमिक हीटर लागतो, त्याला उजेड नसतो. त्याला पोर्सिलीनचंच होल्डर लावा, प्लॅस्टिकचं वितळतं. टँकच्या तीन बाजूंना थर्मोकोल बांधलं तर निम्मं काम फुकटात होतं. नवीन टँक करणार असाल तर काचेऐवजी प्लायचा करा, पुढे काच. सुतार गावातच असतो, आणि थंडी-ऊन दोन्हीत तो काचेपेक्षा सरस.

रात्री लाल बल्ब चालतो ना? त्यांना लाल दिसत नाही म्हणतात.

दुकानदार म्हणतात. गेकोंना अंधारात आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं, आणि रंगही दिसतात. २००४ साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी हेल्मेट गेकोवर प्रयोग करून दाखवलं की मंद चांदण्याइतक्या उजेडात, जिथे माणसाला सगळं करडं दिसतं, तिथे तो रंग ओळखतो. त्याचा डोळा माणसाच्या रंगदृष्टीच्या सुमारे ३५० पट संवेदनशील असल्याचा हिशोब त्यांनी मांडला. अशा डोळ्यांसमोर रात्रभर लाल किंवा निळा बल्ब म्हणजे आपल्या उशाशी हॅलोजन. ऊब हवी तर अंधारातली ऊब द्या.

थर्मोस्टॅट घ्यायलाच हवा का? मी हातानं चालू-बंद करतो.

घ्यायलाच हवा. हीटरच्या आधी घ्या. पोल्ट्रीच्या इन्क्युबेटरला लावतात तो डिजिटल कंट्रोलर चालतो. ३२ वर ठेवा, फरक १ अंशाचा. वायरिंग स्वतःला येत नसेल तर मोटार दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या.

पण माझी फजिती ऐका. पहिल्या हिवाळ्यात मी प्रोब नुसता फरशीवर ठेवला होता. गेकोनं रात्री उकरताना तो ओढून थंड बाजूला टाकला. प्रोबला वाटलं २१ आहे, त्यानं मॅट चालूच ठेवली, आणि सकाळी फरशी ४१ वर होती. पोटावर गुलाबी डाग पडला, दोन काती टाकल्यावर गेला. दोष ना यंत्राचा ना त्याचा. प्रोब सिलिकॉननं पक्का चिकटवायला हवा होता, सेलोटेपनं नव्हे. टेप सुटते आणि त्याच्या कातडीला चिकटते.

जानेवारीत खाणं बंद केलंय. मरेल का?

थंडीच्या मुलखात हे प्राणी हिवाळ्यात मंद होतातच, आणि शेपटीत साठवलेल्या चरबीवर काढतात. आधी ऊबदार फरशी मोजा. ती खरंच ३२ असेल, शेपूट जाड असेल, तर आठवड्याला वजन करत राहा. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घ्या, मोठ्या गेकोचं वजन साधारण ४५ ते ८० ग्रॅम असतं आणि स्वयंपाकघरातला काटा तेवढं बारीक दाखवत नाही. दहा टक्क्यांवर घट झाली तर डॉक्टर. फरशी ३२ नसेल तर न खाणं हेच त्याचं शहाणपण आहे. गार पोटात किडा पचत नाही, सडतो, आणि तो उलटी करून टाकतो.

अंडी दिली आहेत. तापमानावर नर-मादी ठरतं हे खरं?

खरं, आणि फार मजेशीर आहे. लेपर्ड गेकोत नर-मादी अंड्याच्या तापमानावर ठरतं. २६ अंशाच्या आसपास उबवली तर जवळपास सगळ्या माद्या, ३२.५ ला बहुतेक नर, आणि ३४ च्या पुढे पुन्हा माद्याच. आता विचार करा, मे महिन्यात आपल्या खोलीत दिवसा ३६ आणि रात्री ३० असताना ठेवलेल्या अंड्यांचं काय होईल? बरीचशी वायाच जातात. अंडी उबवायची असतील तर थंडीत, इन्क्युबेटरमध्ये. त्याआधी पिल्लं कोणाला देणार हे ठरवा. आमच्या गावात दुसरं गिऱ्हाईक नाही.

मे महिन्यात नागपूरहून एसटीनं आणू का?

नको. जुलै किंवा नोव्हेंबरपर्यंत थांबा. अडलंच असेल तर रात्रीची गाडी, थर्मोकोलचा डबा, बाजूला भोकं, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली गार (गोठलेली नव्हे) पाण्याची बाटली, आणि डबा मांडीवर. डिकीत किंवा टपावर नाही.

क्रेस्टेड गेको फार सुंदर दिसतो. तो घेऊ?

सुंदर आहेच. तो पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा. नामशेष झाला असं लोक धरून चालले होते, १९९४ मध्ये पुन्हा सापडला. त्याला २२ ते २६ अंश लागतात, २८ च्या वर त्याचं बिनसायला लागतं. चोवीस तास एसी आणि चोवीस तास वीज देऊ शकत असाल तर घ्या. गावात राहून मी त्याचं नाव काढत नाही. आफ्रिकन फॅट-टेल्ड गेकोचं तापमान लेपर्डसारखंच आहे, पण त्याला ओलावा जास्त लागतो. टोके गेको आणून देतो असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या, त्याची तस्करी चालते आणि तुम्ही अडकाल.

बांधावरच्या दगडाखाली ठिपक्यांचा तसाच सरडा सापडला. पाळू का? माय म्हणते विषारी आहे.

विषारी नाही. भारतात विषारी पाल-सरडा नाहीच. सातपुड्याच्या बाजूला राहत असाल तर तो सातपुडा लेपर्ड गेको असू शकतो, २०१४ साली ही वेगळी जात म्हणून नोंदवली गेली. लोक भीतीनं ठेचतात. दगड होता तसा परत ठेवा. रानातला जीव घरी आणणं कायद्यात बसत नाही : १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आहे, त्यातली २०२२ ची मोठी दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि आता परदेशी संरक्षित जातींचीही नोंदणी करावी लागते. विकत घेतानाही जात आणि कागद वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्या. विकणाऱ्याच्या ‘काही होत नाही’वर जाऊ नका.

वावरातले टोळ-नाकतोडे पकडून दिले तर?

तापमानाचा प्रश्न नाही, पण सगळेच विचारतात. पऱ्हाटीतले, संत्र्यातले अजिबात नाही. २०१७ मध्ये यवतमाळकडे फवारणीनं माणसं गेली, हे आपण विसरलेलो नाही. ५० ग्रॅमच्या जिवाला एक विषारी टोळ पुरे. मीलवर्म (गेकोला खायला द्यायच्या अळ्या) घरी वाढवा. उन्हाळ्यात त्यांचा डबाही कोठीतच ठेवा, टिनाखाली तेही मरतात.

डॉक्टर कुठे?

गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाय-बैल, शेळ्या पाहतात. डॉक्टर भले असतात, पण गेको त्यांनी पाहिलेला नसतो. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून विचारा आणि मगच निघा. जाताना सोबत गेल्या आठवड्याची किमान-कमाल तापमानं एका कागदावर लिहून न्या. मी नेली होती तेव्हा डॉक्टरांनी आधी तो कागद वाचला, मग गेको हातात घेतला.